देवळालीच्या स्वयंभू संख्या

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव निघाले की बहुतेकांना एकच आकडा आठवतो, ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ दारात उभा. हा खेळ मोबाइलवरून इतक्यांदा फिरून येतो की त्याचे नवल आता उरलेले नाही. त्यासोबत ‘भारतीय गणिताचा चमत्कार’ वगैरे मजकूरही असतो. तो वाचला की मला वाटते, या माणसाने केलेल्या कामापैकी सर्वांत सोपा तुकडा उचलून आपण त्याचे देव्हारे माजवले आणि बाकीचे काम माळ्यावर टाकले.

मला त्यांचे जे काम अधिक मोलाचे वाटते ते स्वयंभू संख्यांचे. त्यासाठी पाटी-पेन्सिल पुरते. वाचकहो, एक कागद घ्याच, कारण नुसते वाचून यातली गंमत अर्धीच कळेल.

एखादी संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. आलेल्या संख्येचे पुन्हा तसेच करायचे. १ पासून निघू. १ मध्ये १ मिळवला की २, मग ४, ८, १६. सोळाच्या अंकांची बेरीज ७, म्हणून २३. पुढे २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१, १०३, १०७, ११५... बाहेरून काही आणावे लागत नाही. प्रत्येक संख्या आपल्या पोटातल्या अंकांतून पुढचीला जन्म देते. ही मालिका आपली आपण वाढत राहते आणि कधीच संपत नाही, कारण प्रत्येक पायरीला निदान १ तरी मिळतोच.

आता ७ पासून निघा. ७, १४, १९, २९, ४०, ४४, ५२, ५९, ७३, ८३, ९४, १०७. थांबा, १०७ तर एकाच्या मालिकेत होता! तिथून पुढे दोन्ही मालिका एकच. एखादी उपनदी मोठ्या नदीला मिळावी तसे हे आहे. ५ ची मालिका मात्र चांगली लांब पल्ला स्वतंत्र वाहते. ५, १०, ११, १३, १७, २५, ३२, ३७, ४७, ५८, ७१... अशी ती चालत राहते आणि शेवटी ६२० वर एकाच्या मालिकेला मिळते. एकाच्या बाजूने ६०७ अधिक १३, पाचाच्या बाजूने ५९८ अधिक २२. दोन्ही ६२०. मी हे कागदावर करून पाहिले तेव्हा सहाशे ओलांडेपर्यंत धीर सुटत आला होता.

मग सगळ्याच मालिका शेवटी एका नदीला मिळतात का? नाही, आणि याचे कारण आपण चौथी-पाचवीत शिकलेल्या नऊच्या कसोटीत आहे. संख्येला नऊने भागून जी बाकी उरते तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही उरते. म्हणजे अंकबेरीज मिळवणे हे, नऊच्या बाकीपुरते पाहिले तर, संख्या दुप्पट करण्यासारखे आहे. ज्या संख्येला तीनने भाग जात नाही तिच्या मालिकेत पुढे कधीच तीनाच्या पाढ्यातली संख्या येणार नाही. ३ पासून निघालेली मालिका (३, ६, १२, १५, २१, २४, ३०...) तीनाच्या पाढ्यात राहते, पण नवाच्या पाढ्यात कधी शिरत नाही. ९ पासून निघालेली (९, १८, २७, ३६...) नवाचा पाढा सोडत नाही. तेव्हा ही तीन वेगळी खोरी झाली, जशी गोदावरी, कृष्णा आणि तापी यांची. एका खोऱ्यातले पाणी दुसऱ्यात जात नाही.

दोन मालिका जिथे मिळतात ती संख्या म्हणजे संगम. सर्वांत लहान संगम १०१. त्याला ९१ कडूनही येता येते आणि १०० कडूनही. तीन बाजूंनी येता येईल अशी सर्वांत लहान संख्या कोणती असेल? १९६१ साली ती कापरेकरांना सापडली. एक, त्यावर बारा शून्ये आणि शेवटी पुन्हा एक, म्हणजे १०००००००००००००१ नव्हे, नीट मोजून १००००००००००००१. चौदा अंक! तिचे जनक ९९९९९९९९९९८९२, ९९९९९९९९९९९०१ आणि १००००००००००००० हे तीन. यातला प्रत्येक ताळा हाताने करता येतो, पण ही संख्या शोधायची कुठे हे सुचायला ज्याचा हात आकड्यांवरून वर्षानुवर्षे फिरला आहे असा माणूसच लागतो. त्यांच्याजवळ संगणक नव्हता.

संगमाला दोन-तीन जनक असतात, तर अशाही संख्या असणार की ज्यांना जनकच नाही. २० घ्या. कोणत्या संख्येत तिची अंकबेरीज मिळवली की २० येतात? १९ चे २९ होतात, १० चे ११ होतात, मधल्या सगळ्या करून पाहा, २० येत नाहीत. शंभराच्या आत अशा तेरा संख्या आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. यांनाच कापरेकरांनी इंग्रजीत ‘सेल्फ नंबर’ म्हटले. मराठीत स्वयंभू. आपल्याकडे मूर्तिकाराने न घडवलेल्या, जमिनीतून आपोआप प्रकटलेल्या पाषाणाला स्वयंभू म्हणतात, त्यामुळे हा शब्द इथे इंग्रजीपेक्षाही चपखल बसतो. वीसनंतर अकरा-अकराच्या टप्प्याने ९७ पर्यंत आणि पुढे १०८ पर्यंत त्या कशा ओळीने येतात हे पाहण्यासारखे आहे. मग ११० ला ठेच लागते (इथे दोनचाच टप्पा), आणि पुन्हा अकराची चाल सुरू.

हे सर्व करणारा माणूस देवळालीच्या शाळेत मास्तर होता. जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी., आणि १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षकी. पुढची पदवी नाही, मार्गदर्शक नाही, विद्यापीठात जागा नाही. गाडी बदलताना डोंबिवली स्टेशनात एक कल्पना सुचली म्हणून तिथल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे स्टेशनचेच नाव दिले. १, १२१, १२३२१ या त्यातल्याच, म्हणजे १, ११, १११ यांचे वर्ग. स्वयंभू संख्यांवर त्यांनी १९५९ साली एक पुस्तिका काढली आणि निवृत्तीनंतर १९६३ साली दुसरी, दोन्ही देवळालीहून, स्वतःच छापून. गंमत अशी की १९६३ ही संख्या स्वतः स्वयंभू आहे. त्यांच्या ते लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही.

आता मूळ संख्यांकडे येतो. मूळ संख्या म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणीच जिला भागू शकत नाही ती. ग्रीक लोकांनी त्या शोधायची चाळणी सांगितली, एराटोस्थेनिसची. दोनाच्या, तीनाच्या, पाचाच्या पाढ्यातल्या संख्या खोडत जायचे, चाळणीवर उरतील त्या मूळ. कापरेकरांची चाळणीही त्याच जातीची. प्रत्येक संख्येपासून जन्मणारी संख्या खोडायची, उरतील त्या स्वयंभू. एका चाळणीत गुणाकाराने जे घडले ते गळते, दुसरीत अंकबेरजेने जे घडले ते. दोन्हींवर उरतात त्या पोरक्या म्हणा, नाहीतर मानी म्हणा.

मग दोन्ही चाळण्यांवर एकदम उरणाऱ्या संख्या कोणत्या? शंभराच्या आत पंचवीस मूळ संख्या आहेत. त्यांतल्या एकोणीस कोणा ना कोणापासून जन्मलेल्या आहेत. उरल्या सहा: ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७. पुढे २११, २३३, २७७ अशा त्या विरळ-विरळ येत राहतात.

९७ ची परीक्षा करून दाखवतो, म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्या संख्या तपासाव्या लागत नाहीत हे कळेल. ९७ ला नऊने भागून बाकी ७. जनकाच्या अंकबेरजेची दुप्पट केल्यावर बाकी ७ यायला हवी, म्हणजे अंकबेरजेची बाकी ८ हवी. दोन अंकी संख्येत अशी अंकबेरीज ८ किंवा १७ एवढीच असू शकते. ९७ मधून ८ वजा केले की ८९, पण ८९ ची अंकबेरीज १७. ९७ मधून १७ वजा केले की ८०, पण ८० ची अंकबेरीज ८. दोघांनी चुकून एकमेकांच्या टोप्या घातल्यासारखे! म्हणून ९७ स्वयंभू. अशा मोठमोठ्या स्वयंभू संख्या बनवण्याची एक साखळीही आहे: ९, ९७, ९०५, ८९१३... मागच्या संख्येत ८ मिळवायचे आणि पाळीपाळीने ८०, ८००, ८०००. साखळी अखंड आहे, म्हणजे स्वयंभू संख्या अगणित आहेत. १९८२ साली इटलीच्या उंबर्तो झानिएर यांनी त्यांचे सर्व संख्यांतले प्रमाण ठरलेले असते हे सिद्ध केले. दहामागे जेमतेम एक.

मूळ संख्येच्या पोटी मूळ संख्या जन्मते का? जन्मते. ११ पासून १३, १३ पासून १७. तसेच १०१, १०३, १०७. मला सर्वांत आवडते ते २७७ चे घराणे. २७७ स्वयंभू आणि मूळ. तिच्यापासून २९३, मग ३०७, मग ३१७. सलग चार पिढ्या मूळ! पाचव्या पिढीला ३२८ येतो आणि घराणे बुडते. (३१७ वर हे घराणे पाचाच्या नदीलाही मिळते, २९८ अधिक १९.) इथे एक साधी अट आहे. दोन सोडून सगळ्या मूळ संख्या विषम. विषम संख्येपासून विषमच जन्मायची असेल तर मिळवायची अंकबेरीज सम हवी. ही अट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

कापरेकरांच्या हयातीत मोठ्या गणितींनी या कामाकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७४ च्या सुमारास कोलंबियातल्या बेर्नार्दो रेकामान यांनी याच संख्या स्वतंत्रपणे अमेरिकेतल्या एका गणिताच्या मासिकात प्रश्न म्हणून मांडल्या, तेव्हा त्यांना ‘कोलंबियन संख्या’ हे नाव पडले. ते अजूनही चालते, त्याच्या जोडीला ‘देवळाली संख्या’ हेही चालते. मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि सत्तरीत आलेल्या या मास्तरांचे नाव जगभर झाले. आपल्याकडे ते त्यानंतरच झाले, हे आपल्या नेहमीच्या रीतीला धरूनच आहे.

उपेक्षा करणारे सगळे मूर्ख किंवा खडूस होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांचा आक्षेप खरा होता. जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात तो मांडला आहे. कापरेकरांचे नाव तिथे नाही, उदाहरणे ८७१२ आणि ९८०१ यांची आहेत. चार अंकी संख्यांत उलट्या लिहिलेल्या संख्येच्या पटीत असणाऱ्या या दोनच (८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट). हार्डींच्या मते अशा गोष्टी वर्तमानपत्राच्या कोड्यांत शोभतात, गणितात नाहीत. मद्रासच्या कारकुनाचे पत्र वाचून रामानुजनला ओळखणारा हाच माणूस होता, तेव्हा त्याच्या मताला जातीचा किंवा पदवीचा वास होता असे म्हणता येत नाही.

आक्षेपाचे मूळ काय? आपण संख्या दहाच्या पायावर लिहितो, कारण आपल्याला दहा बोटे आहेत. सात बोटांच्या प्राण्याने सातच्या पायावर लिहिल्या असत्या. त्याच्याकडेही ९७ मूळच राहील, कारण ९७ गोट्यांचे सारखे ढीग कोणत्याही भाषेत करता येत नाहीत. पण स्वयंभूपणा मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. सातच्या पायावर स्थानांच्या किमती १, ७, ४९, ३४३ अशा, सगळ्या विषम. त्यामुळे संख्या आणि तिची अंकबेरीज दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात आणि त्यांची बेरीज कायम सम येते. म्हणजे तिथे विषम संख्येला जनक असूच शकत नाही! पाया विषम असेल तर स्वयंभू संख्या म्हणजे नेमक्या विषम संख्या, हे व्ही. एस. जोशी यांनी १९७३ साली सिद्ध केले. तिथे दोन सोडून यच्चयावत मूळ संख्या स्वयंभू. ११, १३, १७ ची आजोबा-बाप-मुलगा ही वंशावळ सातच्या पायावर नाहीशी होते. २७७ चे घराणेही.

तेव्हा मूळ संख्या आणि स्वयंभू संख्या यांचे काही गूढ नाते आहे असे जे कोणी सांगत असतील त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. एक गुण वस्तूचा आहे, दुसरा लिपीचा. हे कापरेकरांचा अभिमान बाळगूनही म्हणता येते.

पण गोष्ट इथे संपत नाही. वस्तू आणि लिपी यांचे एकमेकांशी काय लागेबांधे असतात, हा प्रश्न हार्डींना वाटला तितका पोरकट निघाला नाही. १९६८ साली रशियाच्या गेलफाँड यांनी विचारले: मूळ संख्यांच्या अंकबेरजा सम किती आणि विषम किती? आपण मघाशी लक्षात ठेवलेली अट ती हीच. शंभराच्या आत मोजून पाहा, पंचवीसपैकी तेरा सम, बारा विषम. दिसते तर अगदी बरोबरीचे. पुढेही कायम असेच राहील का? शाळकरी मुलाला विचारता येईल असा हा प्रश्न सुटायला बेचाळीस वर्षे गेली. फ्रान्सच्या ख्रिस्तियाँ मोदुई आणि झोएल रिव्हा यांनी २०१० साली ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात उत्तर दिले की होय, दूरवर गेल्यास दोन्ही निम्मे-निम्मे. गणितात त्याहून प्रतिष्ठेचे पान मिळणे कठीण. मग ऑक्सफर्डच्या जेम्स मेनार्ड यांनी दाखवले की एखादा ठरावीक अंक, समजा ७, ज्यांच्यात एकदाही येत नाही अशा मूळ संख्या अगणित आहेत. हा प्रबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि मूळ संख्यांवरील एकूण कामासाठी त्यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक मिळाले. ज्या ऑक्सफर्डमध्ये हार्डी स्वतः काही वर्षे प्राध्यापक होते, तिथलीच ही गोष्ट.

कापरेकरांनी यातले काही सिद्ध केले होते असा माझा दावा नाही. मोदुई-रिव्हांची साधने त्यांच्याजवळ नव्हती, देवळालीत ती कोणाजवळच असणे शक्य नव्हते. त्यांच्याजवळ होती ती नजर. अंकांकडे पाहताना इथे काहीतरी विचारण्यासारखे आहे, एवढे ओळखण्याची नजर. अनेक वर्षे वर्गात उभा राहिल्यामुळे मला एक ठाऊक आहे की प्रश्न विचारणारा मुलगा आणि उत्तर देणारा मुलगा बरेचदा वेगळे असतात, आणि आपल्या प्रगतिपुस्तकात पहिल्यासाठी रकाना नसतो.

जाता जाता सालांचा एक हिशेब. १९६३ स्वयंभू होते, २००७ होते, २०२२ (मेनार्ड यांच्या पदकाचे वर्ष) होते, पुढचे २०३३. पण स्वयंभू आणि शिवाय मूळ असे शेवटचे साल होऊन गेले ते १८७३. कापरेकर १९०५ मध्ये जन्मले आणि १९८६ मध्ये गेले, त्यांना असे एकही वर्ष पाहायला मिळाले नाही. पुढचे आहे २०९९. ताळा करायचा असेल तर अंकबेरजेच्या शक्यता १, १०, १९ आणि २८ एवढ्याच. २०९८ ची अंकबेरीज १९, २०८९ ची १९, २०८० ची १०, २०७१ ची १०. एकही जुळत नाही.